पाठ झालेला धडा

माझी बायको गेली तेव्हा नात दुसरीत होती, अन् तिले वाचता येत नव्हतं. बायको तिले रोज सकाळी ओट्यापाशी बसवायची. ताटात पीठ पसरायचं, त्यात बोटानं एकच अक्षर काढायचं, मग पंधरा-पंधरा दिवस तेच अक्षर घरभर शोधत फिरायचं. मिठाच्या पुडीवर, कॅलेंडरवर, कुठंही. मी म्हणायचो, "असं एकेक करत बसशील तर पोट्टी म्हातारी होईल." ती म्हणे, "तुमची मशीन आहे का ते, बटन दाबलं की चालू?"

ती गेल्यावर शाळेतल्या बाईचा निरोप आला, मुलीकडं घरी लक्ष द्या. पोरगा-सून दोघंही सकाळीच कामावर जातात. म्हटलं, मी पाहतो.

मी चौथी शिकलेला. इकडं हिंदी मुलखात, बीरगावच्या कारखान्यात जन्म गेला. मले शिकायची एकच रीत ठाऊक. लहानपणी विहारात मोठ्यांच्या मागं म्हणून म्हणून वंदना पाठ केली. आजही पुस्तक हातात धरतो, पण त्यात पाहत नाही. पाठ झालं की वाचता येते, असंच मी धरून चाललो.

तसंच तिले बसवलं. शाळा हिंदी, म्हणून मी हिंदीचा धडा म्हणायचा, तिनं ओळीखाली बोट फिरवत माझ्या मागं म्हणायचा. चुकली की मी ओरडायचो, "डोक्यात भुसा भरला का तुह्या?" महिन्याभरात तीन धडे पाठ. मी शेजारपाजारच्यांना बोलावून ऐकवलं. वर म्हटलं, "आजी वर्षभर पीठ उडवत बसली. मी पाहा, महिन्यात वाचायले लावलं." मेलेल्या बायकोबद्दल बोललो हे. कोणी टोकलं नाही.

मग शाळेत पालकांना बोलावलं. मी ऐटीत गेलो. बाईनं पुस्तक घेतलं, मधलंच एक पान उघडलं अन् म्हणाली, "पढ़ो बेटा."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मग त्या पानावर बोट फिरवत पहिला धडा म्हणून टाकला. एक शब्द चुकला नाही.

बाई रागावली नाही. सुटी सुटी अक्षरं विचारत गेली. काही पोरीनं पटापट सांगितली, काहींवर गप्प. जी आली ती सगळी आजीनं पिठात काढलेली. आजी जिथं थांबली, पोरगी तिथंच थांबलेली. माझ्या महिन्याचं एकही अक्षर नाही.

मले लाज वाटली, ती मी तिच्यावरच काढली. सगळ्यांसमोर म्हटलं, "घरी तर फाडफाड म्हणत होती! नाक कापलं माहं."

ती रडली नाही. म्हणाली, "आबा, आपने जैसा बोला, वैसा ही तो बोली."

आता ती तिसरीत आहे. शाळेतली बाई सुटीनंतर थांबवून तिले शिकवते. पोरगी आता अक्षर जोडत जोडत वाचते म्हणे. म्हणे, कारण मी ऐकलं नाही. आईजवळ बसून वाचत असली अन् मी आत आलो की पानात बोट ठेवून पुस्तक मिटते, मी जायची वाट पाहते.

परवा तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "चूक माही होती. तुही नाही, अन् आजीची तर नाहीच."

"हव," मान हलवत म्हणाली. पुस्तक काही उघडलं नाही. थोडा वेळ बसलो, मग मीच उठून बाहेर गेलो.