जांभळं नाव

हेमराजला खुर्ची कधी मानवलीच नाही. आमच्या देवळी गावात त्याने आधी एसटीडी बूथ काढला, मग टायपिंगचे क्लास, मग पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. एकाही धंद्याला त्याने धड मूळ धरू दिलं नाही. २००३ साली बसस्टँडसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून, त्याने इंटरनेटचं दुकान टाकलं तेव्हा मी म्हटलं, चला, आता तरी हा बसेल. कसचं काय! बसायचं गिऱ्हाईक, आणि हा त्याच्या पाठीमागे येरझाऱ्या घालायचा.

वडील गेल्यावर धाकट्या बहिणीचं, आचलचं, लग्न त्याच्या अंगावर आलं होतं. आचल शाळेत गणित शिकवायची. दिसायला नीटस, बोलायला रोखठोक. आई सुलोचनाबाई रोज ताट वाढताना एकच विचारायच्या, "फोन आलता का रे कोणाचा?" आणि हेमराज अर्ध्या ताटावरून उठायचा.

त्यांच्या समाजाचा दरवर्षी वर्ध्याला परिचय मेळावा भरतो आणि उपवर मुलींचं पुस्तक निघतं. एकेक पुस्तक चार घरांत फिरतं. जी मुलगी पाहून झाली तिच्या नावाशी पेन्सिलीने खूण करायची, ही रीत. पुढच्या घरचे खूण दिसली की पान उलटतात. तिला नाकारलं, की तिनेच नाकारलं, की पत्रिकाच जुळली नाही, हे विचारायला कोणाला वेळ आहे?

हे पुस्तक हेमराजने वेबसाइटवर आणलं. पहिल्या पानावर मुलींची नावं निळ्या अक्षरांत, खाली रेघ. नावावर क्लिक केलं की फोटो, शिक्षण आणि घरचा फोन नंबर. हेमराजने आयुष्यात तडीला नेलेलं हे पहिलं काम. मुलांचे बाप, काके, मामे बस पकडून त्याच्या दुकानात येऊ लागले, आणि मुलींच्या घरचे फोन वाजू लागले.

आचलसाठी मात्र एकही फोन नाही.

मग हा माणूस बिथरला. तिचा फोटो बदलला. नाव यादीत सगळ्यांत वर नेलं. पान उघडत नसेल, ही त्याला मोठी धास्ती. रोज दुकान बंद करताना तो सगळ्या संगणकांवरचा दिवसभराचा माग पुसायचा, कोण काय पाहून गेलं ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. आणि सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम एकच: प्रत्येक संगणकावर आचलचं नाव दाबून पान उघडतंय ना ते पाहणं. मी म्हणायचो, "अरे, देवाले तरी एकदा नमस्कार कर." तो ऐकायचा नाही.

एके दिवशी सकाळीच, दुकान उघडल्या उघडल्या, कारंजा घाडग्याहून महादेवराव आले. पुतण्यासाठी, प्रफुलसाठी, मुलगी शोधत होते. हेमराज मागे उभा. महादेवरावांच्या माऊसचा बाण पहिल्या नावावरून सरकून सरळ दुसऱ्यावर गेला.

"काका, पयलं नाव काऊन सोडलं?" हेमराजचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला.

"ते पाहेल हाय ना," महादेवराव शांतपणे म्हणाले. "बाकी सारे निळे, हे एकच जांभळं. कोणीतरी पाहून सोडून देल्ली तिले."

"कोणं सांगतलं तुमाले?"

"सांगाले काय लागते? पुस्तकात पेन्सिल, इथं रंग."

हेमराज भिंतीला टेकला. उघडून पाहिलेल्या नावाचा रंग त्या संगणकावर बदलतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लोकांना सोयीचं पडेल म्हणून त्यानेच तो तसा राहू दिला होता. रोज सकाळी बहिणीच्या नावाशी पेन्सिलीची खूण करणारा हात त्याचाच होता. मला त्याची दया आली, आणि खरं सांगतो, हसूही आलं.

त्याच दुपारी त्याने सगळी नावं कायमची निळी करून टाकली, आणि रात्री आचलला सगळं सांगितलं. आठवडा सरायच्या आत फोन आला, तोही महादेवरावांचा; पहिल्या खेपेला त्यांनी फक्त रंग पाहिला होता, नाव वाचलंच नव्हतं. ते प्रफुलला घेऊन मुलगी पाहायला आले. शेजारी म्हणून मीही होतो. पोहे झाले, चहा आला, आणि महादेवराव खुशीत येऊन म्हणाले, "आमच्या घराची एक गोष्ट हाय. दुसऱ्यानं पाहेल पोरगी आमी पाहत नाई."

आचलने ट्रे खाली ठेवला.

"मले तुमी आधीच सोडलं होतं, काका. माह्यं नाव जांभळं होतं तवा. पाहणारा माह्या भाऊच होता, रोज सकाळी. पण दुसरा कोणी असता, तरी मी उष्टी झाली असती काय?"

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. महादेवराव प्रफुलकडे पाहू लागले, प्रफुल बशीकडे. "कळवतो," म्हणून ते उठले. ते काय कळवणार होते!

हेमराज संध्याकाळी दुकानात नुसता धुमसत होता. "आलेलं स्थळ घालवलं तिनं," मला ऐकवत होता. आचल मागून येऊन उभी राहिली.

"दादा, रंग पयल्यासारखा कर."

"डोकं फिरलं का तुह्यं?"

"कर. उद्यापासून सकाळी मीच उघडून ठेवन माह्यं नाव. ज्याले जांभळं दिसूनबी पाहावं वाटन, त्याच्या घरी मी जाईन. नाईतर इथं बरी हाय."

हेमराजने रंग परत बदलला, पण ते दिवस त्याला फार जड गेले. आचल शाळेत जाण्याआधी येऊन प्रत्येक संगणकावर आपलं नाव उघडून जायची. तो तोंड फिरवून उभा राहायचा. ना झोप, ना भूक. घरी सुलोचनाबाईंनी बोलणं टाकलं होतं. आता फोनबद्दलही विचारीत नव्हत्या, आणि ते त्याला जास्त लागत होतं.

पावसाळा उलटून गेल्यावर एका रविवारी त्यांच्या घरी फोन वाजला. मी तिथेच चहा पीत होतो. पलीकडे हिंगणीचा एक मुलगा होता, ग्रामपंचायतीत नोकरीला, स्वतःच बोलत होता. म्हणाला, काल तुमच्याच दुकानात बसून पाहिलं. हेमराजने नाव नाही, गाव नाही, पगार नाही, भलतंच विचारलं.

"नाव कोणत्या रंगाचं होतं?"

"जांभळं," पलीकडून आवाज आला. "काऊन? नाई पाह्यजे होतं काय?"

सुलोचनाबाईंनी रिसीव्हरसाठी हात पुढे केला होता. हेमराजने तो त्यांना दिला नाही. आचलच्या हातात दिला.

"तूच बोल," म्हणाला, आणि मला ओढत अंगणात घेऊन गेला.