पट्ट्यावरची बाई

माह्या छातीत, ठोके भलतेच वाढले की झटका देणारी मशीन बसवली आहे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मले फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहणारी बाई, मशीन जितक्या ठोक्यांवर झटका देते त्याच्या दहा ठोके खालीच पट्टा थांबवते. बोट लाल बटनावर, डोळे माह्या तोंडावर.

"भाऊ, सकाळची गोळी घेतली ना?"

"बाई, भातापेक्षा गोळ्याच जास्त खातो मी!"

ती हसली. ठोके आवरणाऱ्या त्या गोळीनं पाय जड होतात, म्हणून तिले जोर दाखवाले मी घेतलीच नव्हती. ठोके एकदम भडकले. तिनं बटन दाबलं, पण तेवढ्यात मशीननं मले आडवं केलं.

डॉक्टर तिच्यावरच खेकसले. ती म्हणाली, "माहीच चूक, सर. उशिरा थांबवलं."

जन्मभर बडबड करणारा मी, तेव्हाच मुका झालो.

आता ती गोळीचं विचारत नाही. समोर बसवून गिळाले लावते, अन् तरी 'भाऊ'च म्हणते.