करंजाला पाणी

ऐंशीच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा बाबांची साखर इतकी वाढली होती की पायाची साधी जखम भरायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, आता रोज चाला, नाहीतर पुढची जखम पाय घेऊन जाईल. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन पेपर उघडला. काही काम नसताना माणूस नुसता चालतो, हेच त्यांना पटत नव्हतं.

मला भयंकर राग यायचा. आईच्या डोक्यात मात्र काहीतरी शिजत होतं. बिल्डिंगसमोर बागेसाठी राखलेला प्लॉट होता, नुसता भराव आणि धूळ. आईने बाबांकडून तिथे गुलाब लावून घेतले आणि पाणी घालायला हातात दिला दुधाचा छोटा डबा. बादली मागितली तर म्हणाली, "बादली धुण्याला लागते." मग काय, तिसऱ्या मजल्यावरून खाली, प्लॉटवर, परत वर! मी गॅलरीतून फेऱ्या मोजायचे आणि खुशीत टाळ्या वाजवायचे.

पंधरा दिवसांत गुलाब जळाले. बाबा पुन्हा खुर्चीत आणि माझा जीव टांगणीला. करावे गावातून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी प्लॉट बघून हसलीच.

"खाडीची जमीन हाय ही. गुलाब कसा जगंल? करंज लावा. खाऱ्या पान्याला भीत नाय तो."

ओळीने सहा करंज लावले आणि सहाही तगले. पहिली नवी पालवी दिसली त्या सकाळी बाबांनी मला अंथरुणातून ओढून खाली नेलं. मग शेजारीही डबे घेऊन उतरायला लागले. नव्या जागेला घाबरून दिवसभर कडी लावून बसणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू तर सगळ्यांच्या आधी हजर. पुढच्या तपासणीत बाबांची साखर उतरली आणि मी सोसायटीभर सांगत सुटले.

तेवढ्यात प्लॉटवर नळ आला, लांबलचक पाइपासकट. सगळे खूश, मी सोडून. आता बाबांना खाली कोण नेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चपला घातल्या आणि ते रिकाम्या हातांनी दाराबाहेर पडले. जिन्यात शेजारच्यांनी विचारलं, "काय काम काढलंत?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "चालायला निघालोय."