गाडी गेली ती अक्षतांसकट

कंपनीनं मला तीन वर्षांसाठी न्यूझीलंडला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मुलीनं नकाशात तो देश शोधला, बायकोनं याद्या करायला घेतल्या आणि मी मोटारसायकल सोबत न्यायचं जाहीर केलं. यातलं मूर्खपणाचं काम कोणतं, यावर आमच्या घरात त्याच दिवशी एकमत झालं होतं. मला ते पटायला चार महिने लागले.

गाडी साडेतीनशे सीसीची, काळी. सॉफ्टवेअरमधला पहिला बरा पगार हातात आल्यावर घेतलेली. घेताना डोळ्यांपुढे हिमालयातले रस्ते होते. प्रत्यक्षात ती खराडीचं ऑफिस आणि मंडई यांच्या मधेच फिरली, तीही हँडलला दोन्ही बाजूंनी भाजीच्या पिशव्या लटकवून. न्यूझीलंडमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि रस्ते रिकामे असतात, असं मी कुठंतरी वाचलं, आणि माझा जुना आजार उलटला.

अडचण जागेची होती. कंपनी कंटेनरमध्ये ठरावीक जागा देणार. गाडीचा खोका त्यात ठेवला की उरलेल्या जागेत भांडी आणि पांघरुणं कशीबशी मावत. बायकोचं पायाचं शिलाई मशीन मावत नव्हतं. ते तिचं लग्नाआधीपासूनचं. सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यावर झालेले. मी मापं घेऊन कागदावर चौकोन काढून दाखवले. तिनं ते पाहिले आणि म्हणाली, "न्या तुमची गाडी."

तिचं माहेर कसबा पेठेतलं. तिकडची माणसं एवढंच बोलतात, पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. मशीन तिच्या धाकट्या बहिणीकडे गेलं. टेम्पोत चढवताना मीच एक बाजू धरली होती, आणि तेव्हाच मला कळून चुकलं, की आता ही गाडी तिथल्या रस्त्यावर धावलीच पाहिजे. नाही धावली, तर पुढची तीस वर्षं मला तुटलेली बटणं स्वतः लावावी लागतील.

तिकडे नोंदणी व्हायची, तर आधी इकडची सुटायला हवी. त्यासाठी आरटीओचं नाहरकत प्रमाणपत्र. फॉर्म भरून खिडकीत दिला.

"इथं आरटीओचं नाव राहिलंय," आतले गृहस्थ म्हणाले.

"गाडी न्यूझीलंडला चाललीय."

"ते वाचलं. आरटीओ कुठला?"

"तिथं आरटीओ नसतो हो."

"मग गाड्या कोण पास करतं? ग्रामपंचायत?"

दुसऱ्या खेपेला मी तिथल्या वाहतूक खात्याचं लांबलचक नाव लिहून नेलं. ते चौकटीत मावलं नाही, म्हणून फॉर्म परत. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मी नुसतं 'परदेश' लिहिलं. त्या गृहस्थांनी ते बराच वेळ पाहिलं, शिक्का उचलला आणि तो हवेतच धरून विचारलं, "परत येणार?"

"हो, तीन वर्षांनी."

"तुमचं नाही विचारलं. गाडी."

"तीही येईल."

"मग नेताय कशाला?"

शिक्का मात्र बसला.

खरा छळ पुढे होता. तिकडच्या सरकारला परक्या मुलखातली माती, बी-बियाणं, पान-फूल यांची भयंकर धास्ती. गाडी अशी स्वच्छ हवी, की टायरच्या खाचेतही कण सापडता कामा नये. कसबा पेठेतल्या आमच्या मेकॅनिकला मी ते पत्र मराठीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सर्व्हिसिंग नाही, सोवळं पाहिजे." मग त्यानं गाडी जवळजवळ सुटी केली आणि मी रजा टाकून जुने टूथब्रश घेऊन त्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसलो. जाणारे-येणारे थांबून पाहत. एका आजोबांनी, "दात किती आहेत हिला?" असं अत्यंत गंभीरपणे विचारलं.

हेडलाइटच्या मागून आणि इंजिनाच्या पात्यांमधून तांदूळ निघाले. हळदीनं पिवळे झालेले, तेलात मुरलेले. दर दसऱ्याला मीच टाकलेल्या अक्षता. मेकॅनिकनं चिमट्यानं एकेक दाणा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. "साहेब, आठ-दहा दसरे निघाले यातून," तो म्हणाला. आम्ही दोघं खूप हसलो. हे हसू मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असायला हवं.

गाडी चकचकीत झाली. सामान पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस टॉर्च मारून तपासून गेला. गाडीवर कसलाही वनस्पतिजन्य पदार्थ नाही, अशा कागदावर मी सही केली. लाकडी खोका करायला त्याच गल्लीतले एक म्हातारे सुतार होते. तळाच्या फळ्यांवर गाडी चढवली, चारी बाजूंनी आवळली. सुतारकाका हातोडी खाली ठेवून म्हणाले, "नारळ कुठाय?"

मी कपाळावर हात मारला. नारळ आणायलाच विसरलो होतो! एवढी मोठी गोष्ट समुद्रापार चाललेली आणि आपण तशीच बंद करणार? बायकोला फोन केला आणि मी पळत मंडईत गेलो. नारळ घेतला, झेंडूचा हार घेतला. धापा टाकत परतलो, तोवर बायको घरून हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आली होती. तिनं ताम्हन धरलं. मी टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. मेकॅनिकनंही नमस्कार केला. सुतारकाकांनी समाधानानं खिळे ठोकले.

आम्ही चार शहाणी माणसं तिथं उभी होतो. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

सहा आठवड्यांनी, आमच्या निघण्याच्या थोडंच आधी, खराडीच्या ऑफिसात बसलेलो असताना तिकडच्या तपासणी खात्याची मेल आली. सोबत सात फोटो. सडलेला झेंडू. टाकीवर चिकटलेल्या अक्षता. मडगार्डखाली खोबऱ्याचा तुकडा, त्यावर हिरवी बुरशी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. मजकूर सभ्य होता: गाडी मालकाच्या खर्चानं पुन्हा स्वच्छ करून घ्यावी, परत पाठवावी, किंवा नष्ट करावी. दहा दिवसांत कळवावे.

घरी येईपर्यंत मी निर्णय केला होता. परत मागवायची आणि विषय संपवायचा. एवढे पैसे, एवढी कटकट, आणि त्यानंतरही नोंदणीची तपासणी बाकीच. बायकोला फोटो दाखवले आणि खाली मान घालून बसलो.

तिनं सातही फोटो सावकाश पाहिले. मी बोलणी खायला तयार होतो. पण ती म्हणाली, "ताम्हन मी धरलं होतं."

"अगं, पण चूक माझी. कागदावर सही मी केली होती."

"परत मागवायची नाही. माझं मशीन गेलं ते गाडी गोदीतून परत यायला नाही गेलं. धुवून घ्या म्हणावं. काय भरायचंय ते भरा."

मेलसोबत आलेल्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: सदर पदार्थ गाडीवर ठेवण्याचा उद्देश. मी अर्धा तास इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो. धार्मिक प्रथा, सांस्कृतिक परंपरा, दहा ओळींचा निबंध झाला. तिनं तो वाचला.

"कुणाला पाठ करायला देताय का? लिहा, सुखरूप पोचावी म्हणून."

मी तेवढंच लिहिलं.

तीन दिवसांनी तिथल्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं: 'आपली मोटारसायकल सुखरूप पोचलेली आहे. ती वाफेनं धुण्यात येईल. खर्चाचा तपशील सोबत. त्यानंतर नोंदणीच्या तपासणीसाठी वेळ घेण्यास आमची हरकत नाही.'

मी तिला ते मराठीत वाचून दाखवलं. ती कपाटातलं सामान काढत होती, वळलीसुद्धा नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "आणि हे बघा, नंबर मिळेल त्या दिवशी त्या लोकांच्या दारात काही फोडायचं नाही. घरी आणून फोडू."