कुणाच्या मिनिटांनी

रखमाजीला कुणी अंतर विचारलं की मला त्याच्याशेजारून उठून जावंसं वाटायचं. पारगावच्या फाट्यावर त्याची वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन सवाऱ्या नेणारी, जीप उभी असायची. एखादा पावणा बिचारा सहज विचारायचा, "ओझर किती लांब हो?" सरळ माणूस सांगेल, तासाभरावर. रखमाजी सांगायचा, "जीपनं तासभर. सायकलनं अडीच-तीन तास धरा. पायी निघालात तर सकाळची संध्याकाळ व्हईल." पावणा स्वतःची गाडी घेऊन आलेला असला तरी त्याची सुटका नसे. पोरं त्याला मागून 'पायी रखमाजी' म्हणत, आणि मीही हसायचो. मी बदलून आलेला मास्तर, विज्ञान शिकवणारा, मला वाटायचं माणूस थोडा सटकलेला आहे.

खरं काय ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे हसणार नाही.

साखर कारखाना नुकताच सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. रखमाजी तेव्हा घाईचा माणूस. हॉर्न जास्त, ब्रेक कमी, आणि बोलणं चालत्या गाडीतून. संकष्टीचा दिवस होता, जीप ओझरच्या गणपतीला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली, टपावरसुद्धा दोघं. फाट्यावर ऊसतोडीच्या टोळीतलं एक जोडपं उभं होतं. बाई दिवस भरलेली, दगडावर बसून कण्हत होती. नवरा जीपबरोबर पळत पळत ओरडला, "दवाखाना, भाऊ?" रखमाजीनं मान बाहेर काढून सांगितलं, "दहा मिनिटं!" आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर कळलं. बाळ रस्त्याच्या कडेलाच जन्मलं आणि गेलं. बाई वाचली.

दवाखाना जीपनं दहा मिनिटांवर होता. अवघडलेल्या बाईला चालत दोन तासांनीही गाठता आला नसता. आपण दहा मिनिटं म्हणालो म्हणून ती दोघं चालत निघाली, हे रखमाजीच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून वाहनाचं नाव घेतल्याशिवाय त्यानं कुणाला अंतर सांगितलं नाही. ती टोळी दर हंगामाला यायची. त्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या की हा गडी लांबच्या रस्त्यानं जायचा. गाडीसमोर उसाची बैलगाडी आली की मान खाली घालायचा. बायकोनं समजावलं, भावकीनं समजावलं, काही उपयोग झाला नाही.

मला हे कळलं ते खोडदला. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथल्या रेडिओ दुर्बिणी लोकांना बघायला मिळतात. मी वर्गातली पोरं रखमाजीच्या जीपमध्ये कोंबून नेली. एवढाल्या जाळीच्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या, शेजारी द्राक्षाच्या बागा, आणि मांडवात ही गर्दी. एका टेबलापाशी श्रेया नावाची कॉलेजातली मुलगी थर्माकोलचे ग्रह मांडून समजावत होती.

"तर सूर्य आपल्यापासून आठ मिनिटांवर आहे," ती म्हणाली.

"कुणाच्या मिनिटांनी?" मागून रखमाजी ओरडला.

सगळा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा दंड धरला, त्यानं हिसडा मारला. 

"हसू नगा. बाई, कुणाच्या मिनिटांनी ते सांगा आधी. माणूस ऐकून चालत निघंल ना!"

पोरगी गुणाची. ती हसली नाही. "प्रकाशाच्या, काका. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. त्याला आठ मिनिटं आणि थोडे सेकंद लागतात. म्हणजे पंधरा कोटी किलोमीटर."

"जीपनं किती?"

"ताशी किती धरू?"

"चाळीस. रस्ता बरा असंल तर."

तिनं फळ्यावर भागाकार मांडला. पंधरा कोटी भागिले चाळीस, झाले साडेसदतीस लाख तास. त्यांचे दिवस केले, दिवसांची वर्षं केली. "कुठंही न थांबता सव्वाचारशे वर्षांच्या वर."

"आन् पायी?"

"दहापट. चार हजारांच्या वर." मग तीच रंगात आली. "सगळ्यात जवळचा दुसरा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथं जीपनं साडेअकरा कोटी वर्षं लागतील."

"प्रकाशवर्ष," रखमाजी हळू म्हणाला. "म्हंजी कुणाचं वर्ष ते नावातच घातलंय."

"हो. ते अंतर आहे, वेळ नाही. म्हणून प्रकाशाचं नाव सोडून चालत नाही."

तो मांडवाबाहेर जाऊन बांधावर बसला आणि रडला. तिथंच त्यानं मला सगळं सांगितलं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी उपदेश करतो, तसा तो केलाच. म्हणालो, "इतकं खातंय तर जाऊन बोल तिच्याशी. एकदा माफी माग." सल्ला देताना माझं काय जात होतं?

पोरांना सोडून आम्ही ऊन उतरताना कोप्यांकडे गेलो. साळुबाई, तीच बाई, चुलीला उसाचं वाळलेलं वाढं मोडून घालत होती. दारात तिच्या नंतरच्या दोन मुली खेळत होत्या. रखमाजी जीपमधून उतरला, टोपी काढून हातात धरली. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"वडापवाले ना तुमी?"

"व्हय. माझं चुकलं बाई. दहा मिनिटं म्हणालो ती जीपची व्हती. जीपची, असं म्या सांगायला पायजे व्हतं. तुमी चालत निघालात..."

 साळुबाईला तो काय म्हणतोय तेच कळेना.

"चालत?" ती म्हणाली. "आमी कुठं चालत निघालो? मला उभं ऱ्हाता येत न्हवतं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला पुढचं ऐकवेना. "तुमी म्हणाला दहा मिनिटं. आमाला वाटलं, माणसं सोडून माघारी येताय न्यायला. मदी एक टेंपोवाला थांबला व्हता. चला म्हणला. ह्यांनीच त्याला लावून दिला. म्हणलं, जा बाबा तू, आमची जीप येतीय."