आज कुणाकडं लाईट हाय?

आपांनी मंच बंद करायचा ठरवला, आणि त्यांच्याशी भांडायला मी एका रविवारी सकाळी साताऱ्याहून सांगलीची गाडी पकडली. पिशवीत पत्रकं होती. मंच इंटरनेटवरचा, माणसंही तिथंच भेटलेली, तरी पत्रक मी कागदावर छापून घेतलं होतं. आमच्या घरात कुठल्याही लढ्याची सुरुवात अशीच होते. अक्षरं ओळखायला मी शिकले तीच समान पाणीवाटपाच्या पत्रकांवर. सुट्टीत बाकीची मुलं मामाच्या गावाला जायची, मी संघटनेच्या खोलीत बसून घड्या घालायची. बाबा सांगायचे, मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे आणि मागणी एकच पाहिजे. माझा मथळा होता, 'मंच आपल्या सर्वांचा आहे!' आणि मागणी, तो बंद करू नका.

मंच कसला, तर टीव्हीवरच्या एका मालिकेच्या चाहत्यांचा. नवऱ्यामागं खानावळ चालवणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. रोज संध्याकाळी साडेसातला लागायची. मालिका संपून कितीतरी वर्षं झाली, मंच मात्र चालू राहिला.

तेव्हा आमच्या भागात भारनियमन होतं. मेढ्याला लाईट असली तर माणात नसायची, वाईला आली की सांगलीकडच्या खेड्यांतली जायची. सांगलीत पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या आपांनी त्यावर तोड काढली. ज्याच्याकडं लाईट आहे त्यानं मालिका बघत बघत मंचावर लिहीत जायचं, आणि ज्याच्याकडं नाही त्यानं अंधारात मोबाइल धरून वाचायचं. सात वाजून गेले की कुणीतरी विचारायचं, "आज कुणाकडं लाईट हाय?"

"हितं हाय, पर वारं सुटलंय. भरवसा धरू नगा," असं मेढा.

"मग वाईनं तयार राहावा," असं माण.

नावं कुणाची नव्हती, गावंच होती. एका गावातलं दुसरं कुणी आलं तर ते 'वाई धाकटी' नाहीतर 'मेढ्याचे गुरुजी'. आपा तेवढ्या आपा. त्या वेळच्या स्वस्तातल्या मोबाइलवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा. भाषेच्या अपमानावर मी मंचावर एक लांबलचक निवेदन टाकलं होतं. गुरुजींनी खाली लिहिलं, "मान्य. पण आधी सांगा, खानावळवालीच्या दिरानं सही घेतली का?"

मी शाळेत होते आणि ती मालिका मी कधीच बघितली नाही. एक भागसुद्धा नाही. आमच्या घरात टीव्ही नव्हता. परवडत नव्हता असं नाही, तत्त्व होतं. संघटनेच्या खोलीत पत्रकं जुळवायला एक संगणक होता, त्यावर मी रोज साडेसातला ती मालिका वाचायची. पहिल्या दिवशीच मी मंचावर स्पष्ट लिहिलं होतं की आमच्याकडं वीज आहे, टीव्ही नाही, कारण टीव्ही माणसाला गुंगवतो.

आपांनी उत्तर दिलं होतं, "म्हंजे तत्त्वाची लाईट गेलीया. बस पोरी, वाच. गुंगी आली तर सांग."

त्या दिवसापासून मी अंधारातली कायमची सभासद झाले. खानावळवालीचा चेहरा मला आजही माहीत नाही. माण लिहायचं तेव्हा ती काळीसावळी, उंच असायची, आणि वाई लिहायची तेव्हा बसकी, गोरी. बाबा शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासत असायचे. एकदा मान वर न करता म्हणाले, "काय गं, त्या बाईची खानावळ राहिली का गेली?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिनं संघटना काढायला पाहिजे."

जाहिराती लागल्या की लिहिणाऱ्याला मोकळा वेळ मिळायचा. त्यासाठी मंचावर वेगळी जागाच होती, 'जाहिरातीच्या वेळात' नावाची. तिथं लोक आपापल्या घरचं लिहायचे. शेळी व्यायली. सासूबाई बोलल्या. माणच्या वहिनींचा नवरा मुंबईला कामाला. त्या तिथं लिहायच्या की आज फोन आला नाही, आज आला पण दुसऱ्याच माणसाशी बोलल्यासारखं वाटलं. जाहिराती संपायच्या, त्या लगेच मालिकेवर यायच्या. पुढं मालिका संपली तरी त्या जागेवर लिहिणं चालूच राहिलं. मंच टिकला तो त्यामुळंच.

आणि एक 'अंधारातला भाग'. खानावळ दिराच्या नावावर करायच्या कागदावर खानावळवाली सही करणार होती त्याच संध्याकाळी वादळ आलं आणि महाबळेश्वरच्या डोंगरापासून मिरजेपर्यंत सगळ्यांचीच लाईट गेली. आज कुणाकडं लाईट हाय? कुणाकडंच नव्हती. मग माणनं लिहिलं, "ती आली. दीर बसलाय. कागद टेबलावर." आम्हाला वाटलं माणात लाईट आली. वाईनं पुढचं वाक्य लिहिलं. मग मेढ्यानं. मग कळलं की सगळेच अंधारात बसून मनानं लिहितायत, पण कुणी थांबलं नाही. संगणक बंद पडला म्हणून मी बाबांचा मोबाइल घेऊन तिच्या तोंडी स्त्रियांच्या श्रमावर एक जोरदार भाषण घातलं. आपांनी ते उडवलं.

"बाई दमलीया," त्यांनी लिहिलं. "भाषण नगं. ती सही करत न्हाई. चूल इजवती आन् पाटावर बसती. आन् आजवर जेवाय येणारी माणसं उठून तिला ताट वाढत्यात."

दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण बघणाऱ्यांनी कळवलं की खऱ्या मालिकेत तिनं रडत रडत सही केली. मंचानं ठरवलं, मालिका चुकली.

तर असा मंच आपा बंद करणार होत्या. सगळ्यांना कळवून झालं होतं, ज्याचं त्यानं आपलं लिहिलेलं उतरवून घ्या, अमुक रविवारी संध्याकाळी साडेसातला शेवटचं भेटू आणि मग मंच पुसून टाकू. पुसून! लिहिलेलं पुसायचं हे मला पटेना. आमच्या घरात जुनं पत्रक वाळवीनं खाल्लं तरी सुतक पाळल्यासारखं वाटतं. त्या रविवारी सकाळी मी निघाले ती ते पुसणं थांबवायला.

आपांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर चादर घातलेली होती. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, "आपा, मी सातारा."

त्या उठून आल्या. माझ्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या खांद्याकडं बघू लागल्या.

"डोळ्याचा मधला पडदा गेलाय," त्या म्हणाल्या. "कडंकडंचं दिसतंय. तुजा चेहरा सोडून बाकी समदी तू दिसाय लागलीयास. लय उंच झालीस गं. आवाजावरनं बारकी वाटायचीस."

"आवाज कुठं ऐकलाय तुम्ही माझा?"

"लिवण्यावरनं. भांडकुदळ माणसं बारकी असत्यात."

सुनेनं चहा आणला. आपांचं कारण मला आत्ता कळत होतं, मंचावर त्यांनी ते लिहिलं नव्हतं. सून म्हणाली, "आता मोबाइल वाचून दाखवतो की सगळं. पण जुनं ऐका कसं वाचतो." तिनं मंचावरचं एक जुनं पान लावलं. मोबाइलमधला आवाज ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी अशा काही थाटात वाचू लागला की दाढ दुखणारा गोरा साहेब बाजारात वांगी मागतोय असं वाटावं. आपा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. पण मी भांडायला आले होते.

"आपा, तुम्हाला दिसत नाही तर मंच दुसऱ्याकडं द्या. मी सांभाळते. हे लोकांचं आहे, तुमच्या एकटीचं नाही."

"लोकांचं हाय म्हणून तर पुसायचं. लोकांनी घरातलं लिवलंय त्यात. लिवताना त्यांना ठाऊक हुतं, हीच माणसं वाचणार. मी दारात बसल्याली हुते. कोण नवीन आलं, कशाला आलं, बघत हुते. आता मला दिसंना."

"मी बघेन ना."

"तू?" आपा म्हणाल्या. "तुला एखांदी गोष्ट अन्यायाची वाटली की तू चौकात लावशील, बाळ. तुजा सोभावच हाय त्यो. वाईट न्हाई. पर राखण करणाऱ्याचा न्हवं."

मला राग आला. म्हटलं, आधी माझं म्हणणं पूर्ण ऐका, आणि पत्रक काढून मोठ्यानं वाचायला लागले. पुढची बाजू झोकात वाचली. मग उलटं केलं. मंचाचं मोल पटावं म्हणून मागच्या बाजूला मी एक उतारा दिला होता. छापताना मला तो फार परिणामकारक वाटला होता. 'माणची एक बहीण मंचावर लिहिते,' इथवर वाचलं आणि माझा आवाज थांबला.

नाव कुठं छापलं नव्हतं. पण आमच्यात नावं नव्हतीच. माण म्हणजेच ती. आणि खाली तिच्या नवऱ्याबद्दलची, फक्त आम्हाला सांगितलेली ती ओळ होती. छान ठळक अक्षरांत, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशी.

"पुढं वाच की," आपा म्हणाल्या.

"नाही वाचत."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "वाटलीस का कुणाला?"

"नाही. आधी तुम्हाला दाखवायची म्हणून सगळी इथंच आणलीत."

"मग झालं तर."

दुकानाच्या कोपऱ्यात फॉल भिजत घालायची बादली होती. साडीला लावायच्या आधी फॉल पाण्यातून काढावा लागतो, नाहीतर तो पुढं आटतो आणि साडी ओढली जाते. सुनेनं बादली भरून दिली. मी गठ्ठा त्यात सोडला आणि दोन्ही हातांनी कुस्करला. आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रकं भिजवत होते. पोलीस आले तर काय करायचं म्हणून बाबांनी हे शिकवलं होतं. शाई हाताला लागली. आपा शेजारी स्टुलावर बसून, मी लहान असताना पेनाची शाई लागली की आई सांगायची तसं, लिंबानं निघेल म्हणून सांगत होत्या.

नंतर आम्ही भांडलो नाही. त्यांनी मला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवरून टोमणे मारले, कारण मी पत्रकं आणली होती आणि पेढे विसरले होते.

सव्वासातला मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. एकेक जण येत होतं. आणि सवयच ती, मोबाइल चांगले आले तरी त्या संध्याकाळी सगळ्यांनी पुन्हा इंग्रजी अक्षरांतच लिहिलं. त्यामुळं साहेबाला सुट्टी देऊन वाचायचं काम माझ्याकडं आलं.

"वाई म्हणते, आज कुणाकडं लाईट हाय?"

"पुढं?"

"मेढ्याचे गुरुजी म्हणतात, आहे. वाई धाकटी म्हणते, हाय. माण म्हणते, हितं आता कायमच असती. गुरुजी विचारतात, साताऱ्याच्या तत्त्वाची लाईट आली का? मी लिहिते, अजून नाही. सगळे हसतायत."

मग कुणी काही लिहीना. सगळ्यांकडं लाईट होती, सांगायचं कुणाला? ती रिकामी जागा मी आपांना कशी वाचून दाखवणार? नुसती मोबाइल धरून बसले.

"थांबलं व्हय समदी?" आपांनी विचारलं.

"हो."

"लिव माज्याकडनं. सांगलीत लाईट न्हाई. सांगा."

मी लिहिलं. आपांचे डोळे गेलेत हे मंचावर कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी एका क्षणात खाली माणची ओळ उमटली, आणि ती मी वाचली, "ती आली. दीर बसलाय. कागद टेबलावर."

मग वाईचं वाक्य. मग गुरुजींचं. अंधारातला भाग त्यांना सगळा पाठ होता. मी वाचत गेले, आपा मान हलवत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा भाषणाची जागा मी मोकळी सोडली. चूल विझली, ती पाटावर बसली, ताट आलं. शेवटी माणनं एकच शब्द लिहिला, "जाहिरात." आणि त्या जागेवर, ज्यांना जे लिहायचं होतं ते त्यांनी लिहिलं. ते मी आपांना वाचून दाखवलं. इथं देणार नाही.

"बटण कुठं हाय त्ये?" सगळं ऐकून झाल्यावर आपा म्हणाल्या. "बोट धर माजं."

त्यांचं पहिलं बोट सुयांनी खडबडीत झालेलं होतं. ते मी धरलं आणि जिथं टेकवायचं होतं तिथं टेकवलं.

आतून भाकरीचा वास येत होता. आपा गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, म्हणाल्या, "चल, तुला वाढते."

"बसा आपा," मी म्हणाले, आणि आत ताटं कुठं असतात ते सुनेला विचारायला गेले.