दुभाषीबाईंनी गाळलेलं वाक्य

मी पंप आयात करतो आणि माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या चेंबरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. दोन देशांच्या व्यापाऱ्यांचं हे मंडळ. इकडचे आम्ही, समुद्रापलीकडचे ते, आणि मध्ये दुभाषीबाई.

बावीस वर्षं बाई संचालकांच्या टेबलामागे, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसत आल्या. मी चिडून काही बोललो तर तेही त्या शब्द न गाळता पलीकडच्यांना सांगायच्या, फक्त आवाज न चढवता. माझे निम्मे सौदे त्या न चढलेल्या आवाजामुळे टिकले. याबद्दल मी त्यांचे कधी साधे आभारही मानले नव्हते.

बाईंचं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे, म्हणून त्या सभासदही आहेत. यंदा संचालकाची एक जागा रिकामी झाली आणि त्यांनी अर्ज भरला.

"बाई, ही उठाठेव कशाला?" मी विचारलं.

"बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलतेय, भाऊ. त्या टेबलाशी बसून एकदा माझं काहीतरी बोलायचंय."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मीही त्याच जागेसाठी अर्ज भरला होता, आणि तोही फक्त व्हिजिटिंग कार्डावर 'संचालक' छापायला मिळावं म्हणून.

शेवटच्या दिवशी मी अर्ज द्यायला गेलो. बाई काउंटरपाशीच होत्या. सवयीने त्यांनी माझ्या कागदावर नजर टाकली.

"तुमचा सूचक आणि अनुमोदक, दोघंही इकडचेच आहेत. अनुमोदक पलीकडचा लागतो. अर्ज बाद होईल."

माझा अर्ज बाद झाला असता तर त्या बिनविरोध निवडून आल्या असत्या. तरी त्याच मला चेंबरच्या वाचनालयात घेऊन गेल्या. तिथे पलीकडचे एक वयस्कर व्यापारी पेपर चाळत होते. त्यांना आमची भाषा कळते, पण बोलायला ते लाजतात. बाईंनी त्यांची सही घेऊन दिली. मी अर्ज दिला आणि घाईत निघून गेलो.

लाज वाटायला मला आठवडा लागला. तोवर अर्ज मागे घ्यायची मुदत उलटली होती.

मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं बोलायला मिळतं. मी उभा राहिलो. "माझ्या अर्जातली चूक बाईंनी दाखवली नसती तर आज ही निवडणूकच झाली नसती. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मत त्यांना द्या."

दुभाषी दुसरं कोणी नव्हतंच. बाई उठल्या, पलीकडच्यांना काहीतरी तोकडं सांगून खाली बसल्या.

वाचनालयातले ते आजोबा हळूच उभे राहिले. आमच्या भाषेत, अडखळत म्हणाले, "बाई, शेवटचं राहिलं."

"ते माझ्याबद्दल होतं," बाई म्हणाल्या.

"म्हणून सांगा."

सभागृहात हशा पिकला. बाईंचा चेहरा लाल झाला. जमिनीकडे बघत त्यांनी माझं वाक्य पूर्ण सांगितलं, शब्द न गाळता.

मी दणकून हरलो.

संचालकांच्या बैठकीला सभासदांना मागे बसून ऐकता येतं. निवडणुकीनंतरच्या पहिल्याच बैठकीला मी मुद्दाम जाऊन बसलो. नवा दुभाषी भिंतीजवळच्या खुर्चीत होता आणि बाई टेबलाशी. अध्यक्ष बोलायचे थांबताच बाईंनी सवयीने त्यांचंच वाक्य पलीकडच्या भाषेत सुरू केलं. मग थबकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मला असं वाटतं की..."